पाच कप्प्यांचा स्टीलचा डबा, दहा महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क वजनात गेला आणि अख्खा एक गेला झाकणाच्या रबरात, आणि खरं तर हा सगळा रिव्ह्यू त्या रबरावरच आहे, बाकीचं मधेमधे येईल.

घरात दोन पोरं. थोरली सात वर्षांची, धाकटा आत्ता पाचचा झाला, डबा घेतला तेव्हा चारचा होता. बायको सकाळी माझ्या आधी बाहेर पडते त्यामुळे डबे माझ्याकडे, आणि मी काही हौशी स्वयंपाकी वगैरे नाही, माझा डबा म्हणजे ब्रेडला पीनट बटर, एक केळं, संपलं. दोन मिनिटांत मोकळा. मग वर्ष सुरू होताना शाळेची चिठ्ठी आली की धाकट्याच्या वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची आणि काजू-बदाम वगैरेची ऍलर्जी आहे, तर सगळ्यांनी नट-फ्री डबा द्यावा. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वैतागच आला. एका पोरासाठी अख्ख्या वर्गाने मेनू बदलायचा का, आता सकाळी सहा वाजता मी काय काय करत बसू, जे जे मनात येतं ते सगळं आलं. चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि डबा शोधायला बसलो, कारण हिशोब सरळ होता, पीनट बटर गेलं म्हणजे एका पदार्थावर पोट भरणार नाही, चार-पाच बारीकसारीक गोष्टी लागणार, म्हणजे कप्पे लागणार.

आधी एक प्लॅस्टिकचा आणला होता. दिसायला गोड, झाकणावर डायनासोर, बाजूंना दोन क्लिपा. पहिल्याच दिवशी डबा जसाच्या तसा परत. भूक नव्हती का रे, तर म्हणे "बाबा, उघडलाच नाही." बाईंना सांगायचं ना, तर बाई दुसऱ्यांचे उघडत होत्या. मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग, मग जागा पकडायची, आणि उरल्या वेळात चार वर्षांचं पोर दोन्ही अंगठ्यांनी क्लिप वर ढकलतंय आणि क्लिप ढिम्म हलत नाही. तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे, डबा धुवायच्याही आधी पोराला जमिनीवर बसवायचं आणि उघड म्हणायचं, आपण हात लावायचा नाही आणि तोंडानेही काही सांगायचं नाही. जमलं तर ठेवायचा नाहीतर परत पाठवायचा.

हा स्टीलचा त्यात पास झाला. समोर एकच रुंद क्लिप, खालून बोट घालून ओढली की सुटते, धाकट्याला पहिल्यांदा दहा-बारा सेकंद लागले, आता तो बघतसुद्धा नाही. बंद करण्यात मात्र गोची आहे. झाकण बसलंय असं वाटतं, क्लिपही लागते, पण मागचा एक कोपरा केसभर वर राहिलेला असतो आणि मग दप्तरात जे व्हायचं ते होतं. एकदा संध्याकाळी येऊन अगदी गंभीरपणे सांगितलं, "बाबा, आज माझे वाटाणे पोहत होते." दह्यात. वाटाण्यांच्या कप्प्यात दही आणि दह्याच्या कप्प्यात गाजर, आणि गंमत म्हणजे त्याने ते सगळं खाल्लं होतं, त्यामुळे मी गप्प बसलो.

स्टील ३०४ आहे, ज्याला १८/८ म्हणतात तेच, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. मी संशयी माणूस, फ्रिजवरचं चुंबक काढून लावून बघितलं, मधल्या सपाट भागाला चिकटलं नाही पण कोपऱ्यांना किंचित धरलं, झालं, मला वाटलं फसवलं. पण तसं नसतं, पत्रा जिथे दाबून वळवलेला असतो तिथे ३०४ सुद्धा थोडंसं चुंबकाला धरतं. तर चुंबक लावून भांडायला जाऊ नका. दहा महिन्यांत गंज नाही, वास नाही, बिटाचा डाग नाही, एवढं मात्र खरं. प्लॅस्टिकवाल्याला एका सॉसने आठवड्यात केशरी करून टाकलं होतं.

वजन जास्त आहे. रिकामा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५४० ग्रॅम भरला, त्यात खाणं आणि पाण्याची बाटली म्हणजे लहान पोराच्या पाठीला कळतं. आणि पडला की सगळ्या मजल्याला कळतं. थोरलीला तर आवाजाचीच लाज वाटते, ती तिचा डबा बाकावर असा ठेवते जणू बॉम्ब आहे.

आता कप्पे. एक मोठा, दोन मधले, दोन अगदी छोटे, छोट्यात जेमतेम चार द्राक्षं मावतात, ती पण उभ्या चार-चार फोडी करून, कारण पाच वर्षांखालच्या पोरांना अख्खं द्राक्ष द्यायचं नसतं, घशात नेमकं बुचासारखं बसतं. आडवं अर्धं कापलं तरी गोलच राहतं म्हणून उभंच कापायचं. मोठ्या कप्प्यात ब्रेडचा अख्खा स्लाइस बसत नाही, कडा काढून चार त्रिकोण केले आणि उभे लावले की बसतो, आणि उभे लावले की ओलेही होत नाहीत. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं, कोणी आधी सांगितलं असतं तर किती ब्रेड वाचला असता.

छोटे कप्पे बघून मला आधी वाटलं होतं की हे उगाच, यात काय ठेवणार. आता मला विचाराल तर सगळ्या डब्यात कामाचा कप्पा तोच. कसं ते सांगतो. मी सुरुवातीला नट-फ्री आणि रोज वेगळं अशा जोशात पाचही कप्पे रोज बदलायचो. सोमवारी पास्ता, मंगळवारी भाताचे गोळे, बुधवारी उकडलेलं रताळं आणि अंडं, रविवारी बसून आठवड्याचा तक्ता केलेला, रंगीत पेनाने. दोन आठवड्यांत तक्ता फाडला. डबे निम्मे परत यायचे. त्या वयाच्या पोरांना नवीन खाणं म्हणजे संकट वाटतं, साधारण दोन ते सहा वर्षांत हे सगळ्यात जास्त असतं, आणि एखादी गोष्ट आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्याशिवाय ती ओळखीची होत नाही. आपण काय करतो, दोनदा दिली, परत आली, की "त्याला आवडत नाही" असं म्हणून मोकळे होतो. आणि मी तर त्याच्यावर कडी करत होतो, रोज पाच अनोळखी गोष्टी, तेही घराबाहेर, गोंगाटात, वीस मिनिटांत.

मग उलटं केलं. चार कप्पे ओळखीचे, एकच छोटा कप्पा नवा. त्यात दोन घास, जास्त नाही. खाल्लं तर खाल्लं, नाही तर विचारायचंच नाही. ढोबळी मिरची घ्या, लाल, तिची एक बारीक पट्टी दोन तुकडे करून रोज नाही पण एक दिवसाआड. फ्रिजच्या दारावर पेन्सिलने रेघा मारत होतो, अकरा वेळा तशीच परत आली, अगदी ठेवली होती त्याच दिशेने, आणि बाराव्या वेळी एका तुकड्यावर दातांची खूण होती, फक्त खूण, तुकडा पूर्ण. मी तो तुकडा बायकोला नेऊन दाखवला. तिला वाटलं काहीतरी बिघडलंय. आता खातो, फार प्रेमाने नाही, पण खातो.

दुसरं म्हणजे तीच गोष्ट वेगळी कापली की पोरांच्या हिशोबात ती नवीनच. गाजराच्या वाफवलेल्या कांड्या, किसलेलं गाजर, सोलाण्याने काढलेल्या लांब रिबिनी, तिघांची तीन नावं आहेत आमच्याकडे. कच्च्या गाजराच्या जाड चकत्या मात्र लहान्याला नको, तोच द्राक्षाचा प्रॉब्लेम. सफरचंद काळं पडतं म्हणून मी देतच नव्हतो, मग कळलं की कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात फोडी पाच-दहा मिनिटं ठेवायच्या आणि साध्या पाण्यातून काढायच्या, दुपारपर्यंत पांढऱ्या राहतात. लिंबानेही होतं पण मग थोरली "आंबट सफरचंद" म्हणून तोंड वाकडं करते.

गरम खाण्याला हा डबा नाही, हे खोक्यावर लिहिलंय तरी मी केलंच. गरम पास्ता भरला, झाकण लावलं, शाळेत पोहोचेपर्यंत आतली वाफ आणि हवा थंड होऊन आकसली आणि झाकण असं ओढून बसलं की बाईंनाही उघडेना. घरी आल्यावर मी चमच्याच्या मागच्या बाजूने कड उचलली तेव्हा फुस्स झालं. शिवाय वाफेने सगळं चिपचिपीत. पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावायचं. आणि गार म्हणजे ओट्यावर दोन तास ठेवून नाही, ताटात पसरून, पटकन. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू जोरात वाढतात आणि दोन तासांच्या पुढे जोखीम असते, त्यातून शिजलेला भात जास्त वेळ बाहेर ठेवला तर त्यात तयार होणारं विष परत गरम करूनही जात नाही. दही, अंडं, चीज, भात असेल त्या दिवशी मी अर्धी गोठवलेली पाण्याची छोटी बाटली डब्याला चिकटून ठेवतो, सुट्टीपर्यंत पाणी वितळतं आणि ते प्यायलाही होतं. गरमच द्यायचं असेल तर वेगळा थर्मास, आणि त्यात आधी उकळतं पाणी घालून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, ओतून द्यायचं, मग खाणं भरायचं. हे केलं नाही तर थर्मासची सगळी मेहनत स्वतःलाच गरम करण्यात जाते.

पीनट बटरच्या जागी सूर्यफुलाच्या बियांचं बटर आणलं. चव जवळपास, थोडी कडसर, वर तेल सुटतं ते ढवळून घ्यावं लागतं. थोरलीला चाललं, धाकट्याला केळ्यासोबत चाललं. मग एका रविवारी जोश आला आणि त्याचे मफिन केले, आणले बाहेर, गार झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात भरायला मधोमध कापले तर आत हिरवेगार. शेवाळासारखे! मला वाटलं बुरशी, पण एका रात्रीत? सगळे फेकणार होतो. ते असं असतं की सूर्यफुलाच्या बियांमधे क्लोरोजेनिक ऍसिड असतं आणि खायच्या सोड्याशी गाठ पडली की ते हिरवं होतं, खायला काही धोका नाही. सोडा कमी करून थोडा लिंबाचा रस घातला की रंग आटोक्यात राहतो. पण धाकट्याने त्याला राक्षसाचा केक नाव ठेवलं आणि आता हिरवाच हवा असतो, त्यामुळे मी सोडा कमी करत नाही.

याच बटरचं एक लफडं झालं. ब्रेडला लावलेलं दिसायला हुबेहूब पीनट बटर. बाईंनी बघितलं आणि डबा बाजूला काढून ठेवला, त्याला दुसरं काहीतरी दिलं, संध्याकाळी मला निरोप. बाईंचं काहीही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. तेव्हापासून ज्या दिवशी हे असतं त्या दिवशी झाकणावर कागदी चिकटपट्टी, "सूर्यफुलाच्या बियांचं बटर, शेंगदाणे नाहीत". आणि बाटलीच्या लेबलवर हे बघून घ्या की ते शेंगदाण्याच्याच मशीनवर तर बनत नाही ना, कारण माझ्या पहिल्या बाटलीवर बारीक अक्षरात नेमकं तेच लिहिलेलं होतं आणि मी घरी आल्यावर वाचलं. "अंश असू शकतो" ही ओळ कितीतरी देशांत कंपनीच्या मर्जीवर असते, म्हणजे ओळ नाही म्हणजे अंश नाही असं धरून चालता येत नाही.

लेबलं वाचायला लागल्यावर डोकं फिरतं हे खरं. शेंगदाणा मुळात नट नाहीच, वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातला, तरी शाळेच्या यादीत सगळ्यात वर तोच, आणि बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता ही वेगळी पंगत, एखाद्याला एकाची ऍलर्जी असते, एखाद्याला दोन्हींची. पेस्टो सॉसमधे काजू सापडले, ग्रॅनोला बारमधे बदाम, चॉकलेट स्प्रेडमधे हेझलनट. ल्युपिन नावाचं एक पीठ असतं, शेंगदाण्याचं भाऊबंद, काही ग्लुटेन-फ्री ब्रेडमधे घालतात. तीळ नट नाही पण ती वेगळी ऍलर्जी आहे, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा लेबलवर लिहायलाच लागणारा नववा ऍलर्जन झाला, युरोपच्या १४ जणांच्या यादीत तो आधीपासून आहे. म्हणून मी सरळ शाळेला विचारलं की तीळ चालेल का, नारळ चालेल का. दोन्ही चालतात म्हणाले. तुमच्या वर्गात चालेलच असं नाही, विचारून घ्या, अंदाज नको.

आता रबर.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, सुट्टीला गेटपाशी उभा होतो, त्या मुलाची आई शेजारी. ओळख झाली, मी आपलं सांगितलं की आम्ही अगदी काळजीने नट-फ्री डबा देतो हां, थोडं कौतुकाच्या अपेक्षेनेच. ती हसली, थँक्यू म्हणाली, मग जरा थांबून म्हणाली, "अहो, एक विचारू का, राग नका मानू, पण घरी त्याच डब्यात काय भरता?" मला प्रश्नच नीट कळला नाही. म्हटलं काहीही, घरचंच. ती म्हणाली, "नाही, सहज विचारलं," आणि पोरं बाहेर आली, विषय संपला.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही बाहेर गेलो होतो, दिवसभर, आणि खाणं अर्थातच या डब्यात, आणि शाळा नाही म्हणजे पीनट बटर सँडविच. रात्री येऊन धुतला, साबणाने, गरम पाण्याने, नेहमीसारखा. सोमवारी सकाळी भरायला घेतला, झाकण उलटं केलं आणि का कोण जाणे, तिचा तो प्रश्न आठवला. रबराच्या खाली चमच्याचं टोक घातलं आणि ओढलं. खाचेत एक तपकिरी रेघ. एक-दीड इंच. ओलसर, वास शेंगदाण्याचा.

मी दोन मिनिटं तसाच उभा होतो. हे झाकण माझ्या पोराने वर्गात उघडलं असतं, रबराला बोट लागतंच उघडताना, मग तेच बोट बाकाला, खोडरबराला, शेजारच्याच्या हाताला, आणि शेजारी कोण बसतो ते मला माहीत होतं. त्या दिवशी कागदी पिशवीत ब्रेड आणि केळं दिलं आणि डबा घरी ठेवला.

तर हा रबर. झाकणाच्या आतून सगळ्या कप्प्यांच्या कडांवर बसेल असा एकसंध, सिलिकॉनचा, खाचेत दाबून बसवलेला. निघतो, पण निघतो हे कुठेच लिहिलेलं नाही, मला वाटलं होतं चिकटवलेला आहे. पहिले चार आठवडे मी तो काढलाच नव्हता आणि पीनट बटर सोडा, पहिल्यांदा काढला तेव्हा एका कोपऱ्यात काळे ठिपके पण होते, बुरशी. आता रोज काढतो. नख नको, फाटतो, चमच्याच्या बोथट टोकाने कोपऱ्यापासून उचलायचा, जुन्या मऊ टूथब्रशने खाच घासायची, साबण हवाच. नुसत्या पाण्याने शेंगदाण्याचा अंश जात नाही. २००४ मधे छापून आलेल्या एका अभ्यासात हातांवर पीनट बटर लावून बघितलं होतं, साबण आणि ओल्या वाइप्सनी हात स्वच्छ झाले, नुसतं पाणी आणि सॅनिटायझर वापरलेल्यांपैकी काहींच्या हातांवर अंश सापडला. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रोटीन काही जंतू नाही, ते उचलून धुवूनच टाकावं लागतं. आता सकाळी घरी पीनट बटर खाल्लं तरी पोरं साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय निघत नाहीत.

धुतल्यावर रबर रात्रभर उघडा वाळवायचा आणि सकाळी परत बसवायचा, आणि इथे खरी कटकट. त्याला सरळ-उलट बाजू आहे आणि दिसायला दोन्ही सारख्या. उलटा बसवला की झाकण लागतं, क्लिप लागते, आणि वाटाणे पोहतात. म्हणजे त्या वाटाण्यांच्या दिवशी चूक पोराची नव्हती, माझी होती, हे मला फार उशिरा कळलं. मी परमनंट मार्करने वरच्या बाजूला ठिपका केलाय. एवढी साधी खूण कंपनीला करता आली नाही का?

नीट बसवलेला असताना गळतो का, हेही करून बघितलं. एका मधल्या कप्प्यात बिटाचं पाणी, बाकी कोरडे, शेजारच्या कप्प्यात पांढरा ब्रेड, झाकण लावून सिंकवर पालथा, दहा मिनिटं. बाहेर एक थेंब नाही आला, पण ब्रेडची एक कड गुलाबी. म्हणजे दप्तर वाचतं, शेजारचा कप्पा वाचत नाही. घट्ट दह्याला काही होत नाही, पातळ काहीही या डब्यात नको. आणि कुठल्याही कप्प्यात खाणं कडेच्या वर आलं की झाकण केसभर उचललं जातं आणि मग सगळीकडूनच गळतं, त्या उभ्या ब्रेडच्या त्रिकोणांची टोकं म्हणून कापतो मी.

सातव्या महिन्यात रबर एका बाजूला सैल पडला. कंपनीला मेल केला, नुसता रबर मिळेल का. नाव मुद्दाम लिहीत नाही. चार दिवसांनी उत्तर, रबर सुटा विकत नाही, पूर्ण झाकण घ्या. मी परत विचारलं की बाबा हा भाग खराब होणारच आहे, रोज काढून धुवायचा आहे, तर सुटा का नाही. उत्तर आलं की आमच्या मते रबर रोज काढायची गरज नाही. हे वाचून मी त्या तपकिरी रेघेचा फोटो काढायला हवा होता असं झालं. शेवटी झाकणच घेतलं, काय करणार.

तरीही हाच डबा परत घेईन का, तर घेईन, आणि घेतलाच. कारण ज्यांचे रबर निघतच नाहीत असे डबे मी त्यानंतर दुकानात उलटे करून करून बघितले आणि ते तर कधीच नीट धुतले जाणार नाहीत. तुम्ही घ्यायला गेलात तर कप्पे नंतर मोजा, आधी रबर ओढून बघा, दुकानदार बघेल विचित्र नजरेने, बघू दे.

दुसरा घेतलाय तो घरचा. पिवळ्या झाकणाचा, त्यात रविवारी पीनट बटर, बदाम, जे हवं ते बिनधास्त. लाल झाकणाचा फक्त शाळेचा, त्याची घासणीसुद्धा वेगळी. धाकट्याला समजावायला बसलो की हे बघ, पिवळा शाळेत न्यायचा नाही, तर म्हणे मला माहितीये, पिवळ्यातलं त्याला चालत नाही. कोणाला, म्हटलं. त्याने त्या मित्राचं नाव सांगितलं आणि विचारलं, ढोबळी मिरची लाल असते ना, मग ती लाल डब्यात चालते?

चालते म्हटलं. उद्या पिवळी ढोबळी आणून बघणार आहे, बघू काय म्हणतो.